लोखंडी माणसाच्या पोटातला आवाज

सन दोन हजार एक. मी अठ्ठावन्न वर्षांचा. चांदूर बाजारच्या एसटी स्टँडवर एक पेटी, एक वळकटी आणि भाकरीचं फडकं घेऊन उभा होतो. सईदा, माझी बायको, सोबत येणार नव्हती. "घर को ताला नई लगने देती मैं. तुम जाओ. आवाज संभालो," एवढंच बोलली. गाडी निघाली तेव्हा तिनं हात हलवला नाही, ओढणी नीट केली.

माझी शाळा मराठी चौथी, तीही अर्धी. पण तालुक्यात मला न ओळखणारा माणूस दाखवा. यार्डात मी संत्र्याचा हर्रास पुकारायचो, म्हणजे लिलाव. अब्बाही तेच करायचे. म्हणायचे, "आवाज पेट से निकाल बेटा. गला तो मुर्गे को भी रहता." पत्र्याच्या शेडखाली मी "एक बार, दो बार, तीन बार" म्हटलं की ढीग विकला. मग शेतकऱ्यानं रडायचं नाही अन् व्यापाऱ्यानं पलटायचं नाही. तीनदा म्हटल्यावर माल आपला राहत नाही, हे मी किती जणांना ऐकवलं असेल, मोजदाद नाही.

मग पाणी खोल गेलं. संत्र्याच्या बागा उभ्याउभ्या वाळल्या, लोकांनी झाडांना करवती लावल्या. ज्या यार्डात पाय ठेवायला जागा नसे तिथं चार-दोन ढीग येऊ लागले. तेवढ्यासाठी पुकारणारा कशाला? व्यापारी रुमालाखाली शेतकऱ्याची बोटं दाबून, एक शब्द न बोलता, भाव ठरवू लागले. मी बाजूला उभा. माझा मुलगा सलीम मुंबईत डबिंगच्या स्टुडिओत मशीनवर होता. तो म्हणाला, या. गेलो.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून निघाले त्यांना पहिला धक्का गर्दीचा बसला असेल, खारट हवेचा बसला असेल. मला भिंतीचा बसला. स्टुडिओच्या भिंतींना गाद्या लावलेल्या. सलीम म्हणाला, "अब्बा, बोलून पाहा." मी हाळी दिली. ती परतच आली नाही! चांदूरला माझी हाळी पत्र्यावर आपटून दुप्पट होऊन यायची. इथं भिंतीनं गिळली. खोटं नाही सांगत, क्षणभर वाटलं मी मेलो.

त्या स्टुडिओत जपानची एक जुनी कार्टून मालिका हिंदीत होत होती. तिकडे म्हणे आजा-नातू दोघांनीही पाहिलेली. समुद्राच्या तळाशी दहा मजली लोखंडी माणूस निजलेला. एक पोरगी त्याच्या छातीत चढून बसते आणि बैल हाकावा तसा त्याला हाकते. तो बोलतो कमी, पण बोलला की छपरावरचे कवेलू हलले पाहिजेत. तसा आवाज मिळेना. सलीमनं मला उभं केलं. डबिंग घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "चाचा, लोखंडाला ओठ नसतात. तुम्हाला तोंड जुळवायचं नाही. मूठ वर गेली की गरजा, बस."

मूठ वर गेली. पोटातून जे निघायचं तेच निघालं, "एक बार! दो बार! तीन बार!" तीनला मूठ खाली आली आणि समोरचा राक्षस चेंदामेंदा. मी शरमलो. म्हटलं, चुकलं, परत घ्या. बाई डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, "हेच ठेवायचं."

दर रविवारी सकाळी मालिका लागायची. चांदूरला सईदा टीव्हीकडे पाठ करून तुरीची डाळ निवडत ऐकायची. तिला चित्राशी काय घेणं! मग फोन यायचा, "आज गला बैठा था तुमारा. अदरक लो." गल्लीतली पोरं भांडतानासुद्धा मूठ वर करून "एक बार, दो बार" करायची म्हणे. पाच वर्षं मी मुंबईत होतो, पण दर रविवारी चांदूरलाच बोलत होतो.

त्या मालिकेचे पुढे जपान्यांनी दोन सिनेमे केले. पहिला मालिकेचेच तुकडे जोडून केलेला, तो टीव्हीवरच लागला. त्यात मी होतो. दुसरा नव्यानं काढलेला, तो थेटरात येणार होता, अमरावतीलाही. सलीम म्हणाला, "अब्बा, ये काम हमारे यहाँ नई आया. पूछ लेता हूँ." मी म्हटलं, "कशाला विचारायचं? तुकडे जुनेच जोडले असतील. तो लोखंडी माणूस म्हणजे मी." विचारू दिलं नाही. हा माझा हट्ट, दुसऱ्या कोणाचा दोष नाही.

चांदूरला गेलो. यार्डातले हमाल, अडते, त्यांची बायकापोरं, सगळ्यांना दोन टेम्पोत भरलं आणि सकाळच्या खेळाला अमरावती गाठली. सईदा आयुष्यात पहिल्यांदा थेटरात आली होती. मी मधोमध बसलो, नवरदेवासारखा.

सिनेमा असा पळाला की काय सांगू. मालिकेत जे सहा महिने चाललं ते बिडी विझायच्या आत संपलं. मग समुद्र फुटला, लोखंडी माणूस उठला. आमची माणसं पडदा सोडून माझ्याकडे पाहू लागली. आणि तो बोलला. गुळगुळीत, गोड, रेडिओवरच्या बातम्यांसारखं, "मैं तैयार हूँ."

माझ्या पेटीत दुसऱ्याचे कपडे निघावेत तसं झालं. अंधारात सईदानं माझं मनगट धरलं. "ये तुम नई."

मागून बाजीराव हमाल म्हणाला, "काहून चाचा, आवाज धुऊन इस्त्री करून आनला का?" दोन्ही टेम्पो हसले.

शेवटच्या लढाईत मूठ वर गेली आणि थेटरातली पोरं, आमची नाही, अमरावतीची अनोळखी पोरं, उभी राहून ओरडली, "एक बार! दो बार!" पण मूठ थांबलीच नाही. दोनलाच खाली आली. पोरांचं "तीन बार" तसंच हवेत राहिलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खाली बसली.

परतताना टेम्पोत मला अब्बा आठवत नव्हते, मुंबई आठवत नव्हती. स्टुडिओला आवाज दिल्याच्या ज्या कागदावर मी न वाचता सही ठोकली होती तो कागद आठवत होता. तीनदा म्हणून झालं होतं तर. माल आपला नव्हता. आता रडायचं कशाला? पण रडू येत होतं. सईदा एवढंच म्हणाली, "मशीन का आवाज लोगां ले गए. पेट का तो तुमारे पास है ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईचं तिकीट खिशात घालून मी यार्डात गेलो, नुसतं सांगून निघावं म्हणून. शेडच्या टोकाला घाटलाडकी गावची एक म्हातारी संत्र्याच्या ढिगापाशी बसली होती. तिचा माणूस वारल्यापासून बाग तीच पाहते. म्हटलं, "बाई, तुमचा सौदा नाही झाला?"

"म्या काय रुमालात हात घालू परक्या मानसाच्या?" ती म्हणाली. "सगळ्याइचं झाल्यावर जे देतीन ते घेतो."

मुंबईला जाण्याआधी कित्येकदा मी बाजूला उभा राहून रुमाल पाहिले, पण हे कधी दिसलं नव्हतं. मी तिच्या ढिगाजवळ उभा राहिलो आणि पोटातून हाळी दिली. ती पत्र्यावर आपटली आणि दुप्पट होऊन माझ्याकडे परत आली. रुमालाखालचे हात थांबले. एकानं बोली लावली, मग दुसऱ्यानं.

"एक बार!"

तिसराही आला. "दो बार!"

"चाचा, म्हना ना तिसरं," पहिला व्यापारी कुरकुरला.

"थांब ना बे," मी म्हटलं. "तिकून आणखी एक येऊन राह्यला."