बायकांचं कपाट

परवा हातातल्या पुस्तकाला डांबरगोळ्यांचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं.

वीस वर्षांपूर्वी आमगावच्या वाचनालयात मी इंग्रजांच्या काळातल्या एका लेखिकेची कादंबरी शोधत होते. कादंबऱ्यांच्या कपाटात ती नव्हतीच. शेवटी डांबरगोळ्या घातलेल्या कोपऱ्यातल्या कपाटात सापडली, लोणच्यांच्या आणि विणकामाच्या पुस्तकांमध्ये दडपलेली.

"इथं कशाला ठेवली?" मी विचारलं.

ग्रंथपाल म्हणाले, "बाईनं लिवली ना मॅडम, मंग बायकाइच्याच कपाटात राहीन."

सापडल्याच्या आनंदात तेव्हा मी चक्क हसले. आता त्या हसण्याची लाज वाटते. त्या कादंबरीवर पुढे मी दहा वर्षं खपून ग्रंथ लिहिला. परवा त्याच वाचनालयात तो मागितला. नवी ग्रंथपाल मुलगी हसत उठली आणि सरळ त्या कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेली.