साडूचा होकार

माझ्या साडूला नाही म्हणता आलं असतं, तर निम्म्या जालना जिल्ह्याची डोकेदुखी टळली असती. वाटूरचा हा भला माणूस. कुणी काहीही मागो, ‘हो, बिलकुल’ हे उत्तर तयार. एकदा एकाच मुहूर्ताच्या दोन लग्नांना त्याने आपली जीप कबूल केली आणि शेवटी दोन्ही वऱ्हाडं तीत कोंबून नेली. एक नवरदेव दुसऱ्याच्या मांडीवर बसून गेला, असं ऐकतो. जेवताना आग्रह केला तर वाढणारा दमतो, हा दमत नाही. अशा माणसाने कॉम्प्युटरला हात लावू नये, कारण ते यंत्र दर मिनिटाला काहीतरी विचारत असतं.

आमच्या कॉम्प्युटरला व्हायरसने पुरतं ग्रासलं, तेव्हा साडू मासिकाबरोबर फुकट मिळालेली लिनक्स या दुसऱ्या प्रणालीची सीडी बसवायला घेऊन आला. खिशात किल्ल्यांशेजारी राहून ती चांगलीच खरवडली होती. माझ्या बायकोची, सुमनची, एकच फाइल जपायची होती. शहागडच्या माझ्या सासऱ्यांनी, अण्णांनी, वारण्याआधी सांगितलेल्या आठवणी तिने टाइप केल्या होत्या आणि दुसरी प्रत नव्हती. ती बाजूला ठेवलीस ना, असं मी विचारलं. तो अर्थातच हो म्हणाला. सीडी मध्येच अडकली, ‘फाइल वाचता येत नाही, पुढे जाऊ?’ असं पडद्यावर आलं, यालाही होकार. मशीन नीट चालेना म्हणून त्याने डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्राम लावला, तर त्याच्या ‘हे पुसू? ते तोडू?’ अशा प्रत्येक प्रश्नालाही हो. मी थकून नुसता बघत होतो. शेवटी आठवणींच्या फाइलचा भुगा झाला. दोन दिवस तो एकेक तुकडा उघडत बसला. कुठे अर्धं वाक्य, कुठे नुसती चिन्हं.

सुमनने विचारलं, “दाजी, अण्णांचं सगळं परत येईल ना?”

साडूने कीबोर्डवरचे हात काढले. “न्हाई, सुमन. माझ्याच हातानं गेलं.” मग कीबोर्ड तिच्यापुढे सरकवून म्हणाला, “मला बी सांगितल्तं त्यांनी बरंच. मी बोलतो, तू टाइप कर.”

तो सांगत गेला. आधी ती चुका काढत होती, मग नुसती टाइप करत राहिली. सासूबाई गेल्यावर अण्णा घरात कुणाला दिसू नये म्हणून गोदावरीकाठी जाऊन रडत, हेही त्यात आलं.

“हे मला अण्णांनी कधीच सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली.

सासरे बोलायला लागले की आम्ही सगळे काहीतरी काम काढून उठायचो. मग ते साडूला विचारायचे, बसता का जरा? आणि तो बसायचा.