राक्षस गवई आणि कॅरमची खोली

आपल्या गळ्यात जादू आहे असं ठामपणे मानणारा एक माणूस आमच्या वसाहतीत राहत होता. बाकी कुणाचं तसं मत नव्हतं.

भोसरीच्या एका कारखान्यात तो टर्नर होता, म्हणजे लेथच्या यंत्रावर लोखंड कातणारा. अंगाने दरवाजाएवढा, आवाज त्याहून मोठा. नळावर, बसथांब्यावर, रेशनच्या रांगेत, म्हणजे जिथून माणसांना हलता येत नाही अशा ठिकाणी, तो हमखास गायचा. गाणं झालं की त्याच्या जादूच्या हकिकती सुरू. एकदा म्हणे लेथ बंद पडलं, फोरमन हात टेकून बसला, याने एक तान मारली आणि लेथ फिरायला लागलं. वीज गेली होती आणि ती आली, एवढं त्यातलं खरं. एकदा दापोडीला रुळाकडेला नाग निघाला, याने भजन सुरू केलं, तर नाग फणा खाली घालून निघून गेला. मला यात नागाची काही चूक दिसत नाही.

त्याच्या बायकोला मी एकदा विचारलं, "घरात नाही का गात?"

"घरात मी असते ना," ती म्हणाली.

वसाहत पिंपरीच्या पलीकडे, रस्त्यापासून आत. कौलारू खोल्यांच्या सहा ओळी आणि मध्ये मोकळं मैदान. मैदानाच्या टोकाला वसाहतीचं ऑफिस आणि त्याला लागून एक खोली. संध्याकाळी तिथे पुरुष कॅरम खेळत, दिवसभर ती कुलपात असे. आम्हा बायकांना दिवसा ती बालवाडीसाठी हवी होती. हौस म्हणून नव्हे. आमच्या समोरच्या खोलीतली बाई भोसरीला मोटारींच्या कॉइल गुंडाळायच्या कामाला जायची. सासू-सासरे गावाला, नवरा पाळीवर. ती दोन पोरांना आत ठेवून बाहेरून कडी लावायची. उन्हाळ्यात त्यातल्या थोरल्याने स्टोव्ह पेटवायचा प्रयत्न केला. धूर दिसला म्हणून मी कडी काढली. पोरांना काही झालं नाही, पण अर्धा पडदा जळला. त्यानंतर नवरा म्हणाला, आता एकतर पोरांची सोय कर नाहीतर काम सोड. काम सोडलं तर त्या घरात काय शिजणार, हे त्यालाही माहीत होतं. गणपती उठेपर्यंत त्याने मुदत दिली होती.

आम्ही खोली मागायला गेलो. वसाहतीचे अध्यक्ष खुर्चीत मागे रेलून हसले.

"वहिनी, बालवाडी म्हणजे रोजचं काम. तुम्ही बायका चार दिवस करता आणि मग हळदीकुंकू निघतं."

"करून तर बघू द्या."

"असं करा. गणपतीत बायकांचा कार्यक्रम असतो ना, दरवर्षी अर्ध्यातून मैदान रिकामं होतं. यंदा एक नाटक बसवा. लोक शेवटपर्यंत बसले तर खोली तुमची. उठले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

त्यांच्या शेजारी बसलेले कमिटीतले दोघे खो खो हसले. मी म्हटलं, कबूल.

नाटक मीच लिहिलं, कारण दुसरं कुणी लिहिणार नव्हतं. एका राज्याबाहेरच्या जंगलात एक हिरवा राक्षस राहतो. तो गवई आहे आणि भयंकर बढाईखोर आहे. त्याच्याजवळ एक अजब वाद्य असतं. ते त्याने वाजवलं की सगळं राज्य झोपतं, पहारेकरी भाल्यांवर डोकं टेकून घोरतात आणि हा कोठारं रिकामी करतो. जादू कुठून आली ते कुणालाच ठाऊक नाही. शेवटी राजकन्या त्याच्याकडे जाते आणि म्हणते, एवढा मोठा गवई आहेस, तर एक गाणं दुसऱ्या कुणाच्या कौतुकाचं म्हणून दाखव. राक्षस खूप प्रयत्न करतो, पण स्वतःखेरीज कुणाबद्दल त्याच्या तोंडून एक ओळ निघत नाही. तिथे त्याचा सूर जातो, जादू जाते आणि राज्य जागं होतं.

राक्षस कुणावरून लिहिला ते सगळ्या वसाहतीला कळलं, एक टर्नर सोडून. तो स्वतःच माझ्याकडे आला.

"वहिनी, हा पार्ट दुसरा कुणी करूच शकत नाही."

"ते मात्र खरं," मी म्हटलं.

राजकन्या समोरचीच झाली. तिला पाठांतर चांगलं होतं आणि गरजही तिलाच होती.

तालमींचा ताप काय सांगू. चेहऱ्याला लावायला हिरव्या रंगाची पूड खोबरेल तेलात कालवली, तर हा म्हणे हिरवा रंग मला खुलतो. सुळे मुळ्याचे कोरले, ते प्रत्येक तालमीत याच्या पोटात जायचे. केसांसाठी कारखान्यातून लेथवर निघणाऱ्या लोखंडाच्या कुरळ्या पट्ट्या घेऊन आला. त्या डोक्यावर बांधून वळला आणि प्रधान झालेल्या बाईचा पदर टरकावला. मी त्या उकिरड्यावर टाकल्या आणि काथ्या आणला. आणि संवाद! मी लिहिलेली बढाई त्याला कमी वाटायची. राक्षसाने एका तानेत डोंगर हलवला असं मी लिहिलं, की हा म्हणणार, "दोन डोंगर करा वहिनी." मग स्वतःच्या पदरचं एक लांबलचक गाणं त्याने मध्ये घुसडलं. राक्षसाच्या पराक्रमाची पंधरा-वीस कडवी, सगळी एकाच चालीत.

वाद्याचा प्रश्न होता. मी म्हटलं, पेटी पडद्यामागून वाजवू. त्याला ते कमीपणाचं वाटलं. मुंबई रस्त्यावर ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका मुसलमान मेकॅनिककडे तो गेला. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्याकडून ट्रकचा जुना पितळी कर्णा आणि हवा भरायचा पायपंप आणला, मध्ये पाइप जोडला आणि वरून झेंडूच्या माळा गुंडाळल्या. ते वाद्य त्याने कुणालाही वाजवून दाखवलं नाही. "याचं रहस्य फुटलं तर जादू जाते," म्हणे. मी चाचांना रस्त्यात गाठलं.

"चाचा, त्यात आहे तरी काय?"

"बाई, जादू न्हाई त्यात, हवा हाय. पन त्याला म्हनावं, पाय हळू मार. जोरात मारला तर लई लांब जातो आवाज."

मी त्याला तसं सांगितलं. "हळू?" तो म्हणाला. "वहिनी, कलाकाराला हळू सांगता?"

नाटक गुरुवारी दुपारी ठेवलं. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे एरवी पाळ्यांमुळे कधीही एकत्र न दिसणारे पुरुष सगळे एकदम घरी. जेवणं झाली आणि गणपतीच्या मांडवातल्या सतरंज्या भरल्या. पुढे पोरं, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. अध्यक्ष पहिल्या ओळीत खुर्चीवर, लोक किती बसतात ते मोजायलाच आल्यासारखे.

सुरुवात बरी झाली. पोरांना राक्षस आवडला. तो उड्या मारून आला, सुळे दाखवले, छाती पिटली. मग त्याने ते गाणं सुरू केलं.

मी विंगेत, म्हणजे दोन साड्यांच्या मागे, उभी होते. तिथून मला पुरुषांची बाजू दिसत होती. सुट्टीचा दिवस, पोटात पुरणपोळी, मांडवात ऊब आणि वर ती एकच चाल. पाचव्या कडव्याला मागची ओळ भिंतीला टेकली. दहाव्याला माना पडल्या. अध्यक्षांची हनुवटी छातीवर आली. राज्य झोपवायला वाद्याची गरजच उरली नव्हती. मी साडीआडून "पुरे, पुरे" म्हणून खुणा करत होते आणि त्याला वाटत होतं मी दाद देतेय.

गाणं संपलं. त्याने झेंडूची माळ बाजूला सारली, आणि पायपंपावर सगळ्या देहाचं वजन टाकलं.

तो आवाज हुबेहूब कारखान्याच्या भोंग्यासारखा होता. आधी जाड, मग चढत चढत बारीक, आणि तसाच लांबत गेलेला.

आता आमच्याकडे घड्याळं थोड्या घरांत, भोंगा मात्र सगळ्यांच्या हाडात. भोंगा झाला की माणूस ताटावरून उठतो, हातातलं मूल खाली ठेवतो. इथे तर सगळे गाढ झोपेतून दचकले होते. वार कोणता हे विचारायला कुणाला सवड? अख्खी उजवी बाजू एकदम उभी राहिली. "झाली, पाळी झाली!" म्हणत माणसं चपला शोधायला लागली. एकाने शेजाऱ्याची सायकल काढली, शेजारी आपलीच म्हणून तिच्यामागे धावला. कुणी घराकडे वळून ओरडला, "डबा, डबा दे गं!" अध्यक्ष सगळ्यांच्या पुढे. त्यांची टोपी खुर्चीखाली पडली, ती घ्यायलाही ते थांबले नाहीत. बघता बघता मांडवाची एक बाजू ओस पडली.

बायका हलल्या नाहीत. आमचं काम भोंग्यावर सुटत नाही, त्यामुळे तो ऐकून उठायची सवयही आम्हाला लागलेली नव्हती. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "आज गुरुवार ना गं?" आणि मग सगळ्या बाजूला हशा पिकला.

राक्षस पंपावर पाय ठेवून रिकाम्या सतरंज्यांकडे बघत होता. मला वाटलं, आता तरी याचा चेहरा पडेल. तो साडीकडे वळून कुजबुजला, "वहिनी, बघितलीत जादू? उठवले सगळे."

"झोपवायचे होते," मी म्हटलं. "पुढचं बोला."

समोरचीचा रंग मात्र उडाला होता. ती राजकन्येच्या मुकुटात विंगेत उभी राहून रिकाम्या बाजूकडे बघत होती. "संपलं," ती म्हणाली. "लोक उठले." मी तिला दंडाला धरून बाहेर ढकललं. नाटक अर्धवट टाकलं असतं तर खरंच संपलं असतं. ती गेली, आणि डोळ्यांत पाणी असताना असं बोलली की बायकांच्या बाजूला सुई पडली तर ऐकू आली असती. दुसऱ्याच्या कौतुकाचं गाणं म्हण, असं तिने सांगितल्यावर राक्षस गप्प झाला. त्यासाठी त्याला अभिनय करावा लागला नाही, त्याला खरोखरच काही सुचत नसावं. राज्य जागं झालं, पोरांनी टाळ्या पिटल्या, बायका शेवटच्या ओळीपर्यंत बसून होत्या.

पुरुष कुठे होते? बरेचसे रस्त्यापर्यंत गेले, बसथांब्यावर कारखान्याची एकही बस दिसेना तेव्हा शुद्धीवर आले. परत यायची लाज वाटली म्हणून नाक्यावर चहा पीत बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ऑफिसात गेलो. अध्यक्षांच्या डोक्यावर नवी टोपी होती.

"वहिनी, वाईट वाटतं, पण शब्द म्हणजे शब्द. लोक उठले."

"कोण उठलं?"

"कोण म्हणजे? सगळे उठले."

"तुम्ही पाहिलंत?"

"अहो, म्हणजे... मैदान रिकामं झालं."

"तुम्ही सगळ्यांच्या पुढे पळत होतात, मैदान कुठून दिसलं? शेवटी राक्षसाचं काय झालं ते सांगा बघू."

अध्यक्षांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कमिटीतल्या एकालाही सांगता येईना. मी मागे वळून बायकांना म्हटलं, "तुम्ही सांगा." त्यांनी एका सुरात शेवटचा अख्खा प्रवेश म्हणून दाखवला. एकीने तर राक्षसाचा चेहराही करून दाखवला.

"बायका आणि पोरं बसली हो," अध्यक्ष म्हणाले, "पण लोक..."

 त्यांची स्वतःची बायको आमच्यात पुढेच उभी होती. तिने फक्त विचारलं, "आम्ही कोण मग?" घरी जाऊन जेवायचं त्यांना होतंच. त्यांनी ड्रॉवरमधून किल्ली काढली. "तीन महिने," म्हणाले. "बघू पुढे." समोरचीने किल्ली माझ्या हातात येऊच दिली नाही, मधल्यामधे घेतली.

सोमवारी सकाळी आम्ही खोली झाडली. समोरचीची दोन पोरं पहिली आली, ती चटईवर सोडून ती भोसरीची बस पकडायला धावली. थोड्या वेळाने दारात अंधार झाला. टर्नर उभा होता. कानामागे अजून हिरवा रंग.

"वहिनी, ही खोली कुणामुळे मिळाली ते लक्षात असू द्या. मी उठवले नसते, तर ते तिथेच घोरत राहिले असते, अन् अध्यक्ष म्हणाले असते नाटक कंटाळवाणं."

यात थोडं तथ्य होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

"मी रोज येऊन पोरांना गाणं शिकवीन," तो म्हणाला. "आपोआप शहाणी होतील."

"गाणं राहू द्या. दाराची कडी निसटतेय. टर्नर आहात ना? ती बसवा."

त्याने बसवली. बसवताना एक पद अखंड चालू होतं, पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती, आणि कारागिराचं लक्ष कडीपेक्षा त्यांच्याकडे जास्त. कडी तिरकी बसली. बालवाडी चालू आहे, खोलीच्या मुदतीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, पण ते दार आजही खांद्याने जरा वर उचलल्याशिवाय लागत नाही.