माळवदावर संशोधन

आमच्या कॉलेजच्या सूचनाफलकावर दरवर्षी एक कागद लागतो: वास्तुकला, नगररचना आणि वारसा जतन या क्षेत्रांतल्या संशोधनाच्या संधी. विद्यार्थी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांना पुण्याला जाऊन नोकरी करायची असते. बघतो आम्ही, शिकवणारे. पीएच.डी. नाही तर बढती नाही, आणि बढती नाही तर पहिल्या वर्षाच्या त्याच त्या शीट तपासत म्हातारं व्हायचं. मला वारशाचं प्रेम वगैरे काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्यातल्या निम्म्या लोकांना नसतं. ज्यांना फार असतं ते बहुधा अकराव्या मजल्यावर राहतात आणि बैठकीत जुन्या दाराचा टीपॉय करून ठेवतात.

मी विषय घेतला तो सोलापुरातल्या विणकरांच्या माळवदी घरांचा. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. लाकडी तुळया, त्यांवर आडव्या लाकडांची किलचण, त्यावर माती आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. सोलापूरच्या उन्हाळ्यात अशा छताखाली बसलं की जीव थाऱ्यावर येतो. त्याची मागणी एकच. दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, वर नवी पांढरी माती टाकून ती चोपायची. माझं माहेर टेंभुर्णीचं, आमच्याही घरावर माळवद होतं आणि लहानपणी मी ती माती चोपायला वर चढलेली आहे. त्यामुळे विषय सोपा वाटला. माझ्या गाइडना मात्र तो ‘अतिशय समृद्ध’ वाटला. प्रबंधाचं नावही त्यांनीच ठरवलं: ‘देखभालीच्या पारंपरिक पद्धतींचा अभ्यास’.

गाइड पुण्याचे. त्यांच्या प्रत्येक वाक्यात ‘समुदाय’ हा शब्द यायचा, पण समुदायाच्या घरचं पाणी ते प्यायचे नाहीत. गाडीत बाटली असायची.

घर मिळालं ते शहराच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत. घरात तेलुगू बोलणारं वयस्क जोडपं. त्यांना सगळी गल्ली मामा-मामी म्हणायची, मीही म्हणू लागले. बाहेरच्या खोलीत त्यांचा हातमाग होता, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसून चालवायचा. मामा त्यावर इरकली लुगडी विणायचे. असा माग चालवणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्या मागावर दोघांचं पोट होतं आणि तो माग त्या माळवदाखाली होता. घर अगदी ठणठणीत होतं, हे मी मुद्दाम सांगते.

“पाडवा झाला की माती टाकतो आमी,” मामा म्हणाले. “माजा बाप टाकायचा, त्याचा बाप टाकायचा. त्यात पुस्तक लिव्हण्यासारकं काय हाय, म्याडम?”

मला तेव्हा हसू आलं. त्यांनी संमतीपत्रावर सही केली. पत्र इंग्रजीत होतं, सही तेलुगूत. गाइडना ती सही इतकी देखणी वाटली की त्यांनी तिचाच फोटो काढला.

पाडव्यानंतर मामांनी टेम्पोभर पांढरी माती आणून दारात ओतली. नेमके त्याच दिवशी गाइड आले. टोपी घालून, गॉगल लावून ते शिडीने वर चढले आणि माळवदावर गुडघे टेकून बसले. दरवर्षीचा एकेक थर, म्हणजे घराचं आत्मचरित्रच आहे म्हणाले. मग त्या आत्मचरित्रात त्यांनी मला चार ठिकाणी वीतभर रुंद खड्डे घ्यायला लावले, थेट किलचणीपर्यंत. मातीचे नमुने पिशव्यांत भरून झाले तेव्हा मामा घमेलं घेऊन वर आले.

“आता टाकू न्हवं माती?”

“अजिबात नाही!” गाइड ओरडलेच. “प्रयोगशाळेचे निष्कर्ष येईपर्यंत छताला हात लावायचा नाही. कदाचित पुन्हा नमुने घ्यावे लागतील. नव्या मातीने वरचा थर दूषित होईल.”

आम्ही देखभालीचा अभ्यास करत होतो आणि त्यासाठी देखभाल थांबवत होतो. हे इतकं ढळढळीत होतं की पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं. ते कळेनासं व्हायला पदव्युत्तर शिक्षणच लागतं.

“सर, वळीव आला तर?” मामांनी विचारलं.

“प्लास्टिक अंथरू.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. गाइडकडे नाही, माझ्याकडे. मी टेंभुर्णीची आहे हे मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. उघडं माळवद वळवाच्या तोंडी देऊ नये हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हणाले, “मामा, तीनच आठवड्यांचा प्रश्न आहे.” ते वाक्य माझं आहे. ते मी गाइडच्या माथी मारू शकत नाही.

तीन आठवड्यांचे पाच झाले. मामांचा फोन यायचा, “टाकू का माती, म्याडम?” मी गाइडना फोन लावायचे. एकदा ते दिल्लीत होते, वारसा जतनातल्या लोकसहभागावर निबंध वाचायला. कुजबुजत म्हणाले, थांबायला सांगा. मी सांगितलं आणि मामा थांबले. शिकलेल्या बाईचा शब्द होता ना.

वळीव दुपारी आला. वाऱ्याने प्लास्टिक उडालं ते समोरच्या विजेच्या तारांवर जाऊन अडकलं. चारही खड्ड्यांतून पाणी आत शिरलं, तुळईचं टोक भिंतीतून सुटलं आणि खोलीच्या छताचा एक कोपरा मागावर कोसळला. मामा नुकतेच चहाला आत गेले होते, म्हणून वाचले. मागावर अर्धं लुगडं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. मामा चिखलातून ताण्याचे धागे सोडवत होते, एकेक करून, जणू त्यांचं अजून काही होणार होतं. मामी माझ्याकडे बघून तेलुगूत काहीतरी बोलल्या. मी अर्थ विचारला नाही. कळला होता.

“जाऊ द्या, म्याडम,” मामा म्हणाले. “तुमी काय मुद्दाम केलं न्हाय.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. दारातला मातीचा ढीग पावसाने गल्लीभर पसरला होता. मी बाहेर येऊन गाइडना फोन केला. सगळं ऐकून ते क्षणभर थांबले. मला वाटलं, माणसाला वाईट वाटलं.

“फोटो काढलेस का?” ते म्हणाले. “अगं, छताचा अख्खा छेद आयता मिळाला! राडारोडा उचलायच्या आत मोजमापं घे.”

मी घेतली. टेप लावून घेतली, मामांनीच दुसरं टोक धरलं.

पुढे ऱ्हासाच्या कारणांचं प्रकरण लिहायची वेळ आली. मी आमच्या खड्ड्यांचा उल्लेख केला होता. गाइडनी त्यावर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं: विषयांतर. खाली त्यांच्या हाताने नवं वाक्य होतं: ‘त्या वर्षी मालकाने देखभाल न केल्यामुळे छत कोसळले.’ वाक्यात एक शब्द खोटा नाही. असं वाक्य लिहायला आयुष्यभराचा व्यासंग लागतो. मी ते जसंच्या तसं टाइप केलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, मालकाने देखभाल का केली नाही? माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. बाहेर पडलं ते दुसरंच: “जनजागृतीचा अभाव, सर.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मग पेढे आले. माझ्या केबिनच्या दारावर नावाआधी ‘डॉ.’ लागलं. आज मी विद्यार्थ्यांना संशोधनातली नीतिमत्ता शिकवते, आणि ते पेंगतात, हे बरंच आहे.

मामांच्या त्या खोलीवर पत्रे आले. माग पुन्हा उभा राहिला नाही. मोडलेले भाग बनवून देणारा सुतार कधीच वारला होता, आणि पत्र्याखालच्या उकाड्यात खड्ड्यात बसून विणणार कोण? एवढं मला गल्लीतल्या एकाकडून कळलं. मी स्वतः तिकडे फिरकले नाही. माझी हिंमत नव्हती, आणि कारणं भरपूर होती.

यंदा मुलांना कारखान्याच्या इमारती दाखवायला चिंचोळी एमआयडीसीत नेलं. बस फाटकाशी थांबली. नोंदवहीत सही करायला मी उतरले, तर स्टुलावरून मामा उठून उभे राहिले. अंगावर निळा गणवेश, खांद्यांवरून उतरणारा. जन्मभर बसून काम केलेला माणूस या वयात माझ्यासाठी उभा राहत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बसा की, मामा,” मी कसंबसं म्हणाले.

ते बसले नाहीत. शेजारच्या तरुण गार्डला अभिमानाने म्हणाले, “ह्या म्याडमनी माज्या घराचं पुस्तक केलंय. लई मोठं.” मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, “त्यात माजं नाव हाय न्हवं, म्याडम?”

“आहे की,” मी म्हणाले.

नाव कुठेही नाही. पुस्तकात ते फक्त ‘मालक’ आहेत, देखभाल न करणारे. मामांनी समाधानाने मान हलवली आणि आमच्या बससाठी फाटक उघडलं.