पानमळ्यातून पळायची वाट

पहिल्या दिवशी माझ्यासाठी एसटी थांबली. आमच्या वाशीमकडच्या शिरपूरहून मालेगावच्या रस्त्यानं मी पळून राह्यली होती. साडी, पदर खोचलेला, पायात पोरीनं पाठवलेले बूट. मागून येणाऱ्या गाडीला वाटलं, बाईची बस चुकली. कंडक्टरनं दार उघडून हाक मारली, "या बाई, या लवकर!" मी म्हटलं, मले कुठं जायचं नाही. "मंग पळून काहून राह्यल्या?" म्हटलं, असंच. अख्ख्या गाडीनं खिडकीतून माना बाहेर काढल्या. कंडक्टरनं दार आपटलं आणि ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. ते मला ऐकू आलं, पण इथं लिहिण्यासारखं नाही.

असंच नव्हतं ते. वाशीमच्या डॉक्टरनं मला साखर सांगितली होती. माझ्या आईलाही साखरच होती. आधी तिचा अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा सगळा पाय. शेवटची वर्षं ती खाटेवर बसून दारावरून जाणाऱ्यांचे पाय पाहायची. कोणाच्या टाचा फुटल्या, कोणी नवीन चप्पल घेतली, सगळं तिला माहीत असायचं. तेव्हाच मी मनात म्हटलं होतं, माझे पाय मी असे जाऊ देणार नाही.

आधी चालून पाहिलं. पण आमच्या गावात बाई चालताना दिसली की जी ती बसवून घेते आणि चहा पाजते, तोही भरपूर साखर टाकून. पळणाऱ्या बाईला कोणी चहा विचारत नाही, हे मला त्या एसटीच्या दिवशीच कळलं. पळणारी बाई वेडी असते, आणि वेड्यांना लोक वाट देतात. वेडी तर वेडी, बापा!

पण पळायचं कुठून? डांबरी रस्त्यानं सोयाबीनचे ट्रक आणि माणसं लटकलेल्या जीपा. एक जीप तर अशी घासून गेली की माझा पदर तिच्या आरशात अडकता अडकता राहिला. मंदिराकडच्या रस्त्यानं पळाले तर बाहेरगावचे यात्रेकरू घाबरून विचारायचे, "क्या हुआ बहनजी? कोई पीछे लगा है क्या?" देवाच्या दारात रोज रोज कोणाला किती समजावायचं!

नाशिकला नोकरी करणाऱ्या माझ्या पोरीनं तेवढ्यात फोनवर फोटो पाठवला. नदीच्या काठानं द्राक्षांचे मळे, मधून मातीची वाट आणि त्या वाटेवर अर्ध्या चड्डीत पळणारी माझी पोरगी. त्या द्राक्षांची वाईन होते म्हणे, लोक लांबून प्यायला येतात आणि सकाळी उठून मळ्यामळ्यांतून पळतात. "आई, तुह्याकडं नाही का असं काही?" म्हणाली.

म्हटलं, आहे ना. काहून नसंन? गावाच्या उताराला नदी आहे. सरकारी नकाशात तिला नाला म्हणतात, म्हणोत. तिच्या काठानं संत्र्याचे बगीचे आहेत, आणि गाव आणि बगीचे यांच्या मधे आमचा पानमळा. सासऱ्यांनी लावलेला, दोन्ही भावांचा. माझ्या नवऱ्यानं पंक्चरचं दुकान टाकलं, मळा भासऱ्यांनी धरला. भासरे म्हणजे माझे मोठे दीर. विड्याच्या पानाच्या वेली शेवरीच्या झाडांवर उंच चढवलेल्या, चारी बाजूंनी बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा, आत भर उन्हाळ्यातही गारवा. आत शिरायला एक तट्ट्याचं दार आणि पलीकडं नदीत उतरायला दुसरं. या दारातून शिरून त्या दारातून निघालं की पुढं नदीच्या काठानं संत्र्यांच्या सावलीत वाटेल तेवढं पळा. जीप नाही, एसटी नाही, बहनजी म्हणणारं कोणी नाही.

पानमळ्यात चपला घालून जात नाहीत. मळा म्हणजे देवघर, हे लहान पोरालाही ठाऊक. मी दारात बूट काढायचे, हातात घ्यायचे, मऊ ओल्या मातीतून वेलींच्या मधून पलीकडं जायचे आणि तिकडं बूट घालून पळत सुटायचे. डॉक्टर अनवाणी फिरू नका म्हणतो, पण त्या मातीला मी भीत नाही. पावसाळाभर असं चाललं. साखर उतरली. डॉक्टरनं विचारलं, काय करता? मी सांगितलं, पळते. त्यानं चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं.

पाऊस सरला आणि खालच्या कोपऱ्यातल्या वेली पिवळ्या पडू लागल्या. भासऱ्यांनी सगळीकडं पाहिलं आणि शेवटी माझ्याकडं पाहिलं.

मळ्याचा दुसरा कायदा बाईसाठी आहे. त्या पाच दिवसांत बाईनं आत जायचं नाही, वेल सुकते. घरात हे सगळं सासूनं आम्ही सुना यायच्या आधीच बंद केलं होतं. कोणी बाहेर बसत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. मळ्यात मात्र चालू होतं. त्यातून आमच्याकडं भासरा धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलत नाही. मधे कोणीतरी लागतं. कोणी नसलं तर बैलाकडं पाहून सांगतात, आपण समजून घ्यायचं.

मळ्याच्या दाराशी एक मांडव आहे. सकाळी तिथं माझी मोठी जाऊ आणि दोघी-तिघी बाया खुडलेली पानं निवडायला बसतात. एक दिवस मी बूट काढले आणि आतून भासऱ्यांचा आवाज आला, "इचार तिले."

जावेनं मान वर न करता विचारलं, "हाय का वं तुले?"

कानशिलं तापली माझी. चारचौघींत, पानं निवडता निवडता, भाजीचा भाव विचारावा तसं! मी काही न बोलता आत शिरले आणि पलीकडं निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "इचार तिले." "हाय का वं?" मी पुन्हा गप्प. तिसऱ्या दिवशी दाराला तार गुंडाळलेली. मी तार सोडली, आत गेले आणि आतून पुन्हा होती तशी गुंडाळून ठेवली.

घरी नवरा म्हणाला, "नाही म्हनून टाक ना. एका शब्दाचं काम हाय." मी म्हटलं, एका शब्दाचं काम असतं तर तुम्हीच जाऊन सांगितलं असतं. तो दुकानात निघून गेला. पण खरं सांगते, त्या रात्री मला वाटलं, टाकावं नाही म्हणून. काय जातं? मग कळलं काय जातं ते. आज उत्तर दिलं की उद्याही द्यावं लागेल, आणि मग माझं पळणं त्या दारातल्या उत्तरावर राहील. ज्या दिवशी त्यांना उत्तर पटणार नाही, त्या दिवशी माझे पाय बंद. माझे पाय कोणाच्या परवानगीवर ठेवायचे नाहीत मला.

सकाळी भासरे आत नव्हते. दारातच उभे होते, आडवे. म्हणाले, "इचार तिले."

जाऊ पानं निवडत राहिली.

"इचार म्हनतो ना!"

माझा ताबा सुटला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच मी भासऱ्यांकडं सरळ पाहून बोलले. "पायातलं काढा म्हनलं, काढलं. डोक्यावर पदर घ्या म्हनलं, घेतला. माह्या आंगाचं मी कोनाले सांगनार नाही. आज नाही अन् कधीच नाही. तुमच्या वेली सुकल्या त तुमी मले धरलं. माह्या मायचा पाय गेला, तवा मी कोनाले धरू?"

भासरे बावरले. माझ्याशी बोलता येईना, म्हणून जावेलाच म्हणाले, "पाह्य, ही सरळ बोलून राह्यली."

"बोलू द्या," जाऊ म्हणाली. हातातली पानं तिनं ओल्या फडक्याखाली ठेवली. "मले एक सांगा. लगन झालं तवापासून तुमी मले या दारात इचारून राह्यले. मी काय म्हनत होती?"

"नाही म्हनत होती."

"दर खेपेले?"

"हो... दर खेपेले."

"एकदाही हो नाही म्हनली. अन् लेकरं त झाली आपल्याले. तुमाले कधी इचित्र नाही वाटलं?"

मांडवातल्या बायांनी तोंडाला पदर लावले. त्यातली एक तर उठून शेवरीमागं गेली आणि तिथून तिचा हसण्याचा आवाज येत राहिला.

"दर महिन्याले पाच दिस घरी बसली असती त पानं कोनं खुडली असती? तुमी?" जावेचा आवाज आता चढला होता. "या वेली माह्या हातच्या हायेत. साऱ्या दिवसांतल्या हातच्या. सुकायच्या असत्या त कवाच सुकल्या असत्या. व्हा बाजूले."

भासरे बाजूला झाले. वर चढलेल्या वेलींकडं पाहत राहिले, आयुष्यात पहिल्यांदा पाहत असल्यासारखे.

माझे पाय मात्र जागचे हलेनात. एवढी वर्षं एका चुलीवर जेवलो आम्ही, आणि मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. जाऊ पुन्हा पानांना लागली होती. तिनं फक्त एकदा मान वर केली.

"उभी काय राह्यली वं?" म्हणाली. "पळ ना."