आधी कणसरी बाहेर

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिंचणीच्या बाजारात सुके बोंबील घेत होते. तिच्याचसाठी. "घरी आले की मला पथ्याचं सांगू नका, बोंबलाची चटणी आणा," असं तिनं इस्पितळातून बजावलं होतं. कोळणीनं पुडकं हातात दिलं आणि मी तशीच उभी... एवढी दांडगी बाई काविळीनं न्यावी, याचा मला दोन महिने झाले तरी राग येतो.

शैला तलासरीकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका, मी शेजारच्या शाळेत शिक्षिका. ती नरपडची, आवाज असा की पाड्याच्या टोकाला रडणारं मूल गप्प व्हावं. आमचं जमायचं, कारण दोघीही तोंडाळ.

२०१८च्या दिवाळीनंतर जमीन हादरायला लागली. आधी दणका, मग भांड्यांची खडखड. सरकारनं तंबू पाठवले, घराबाहेर निजा म्हणून सांगितलं आणि पाड्यावर लक्ष ठेवायचं काम शैलाच्या गळ्यात पडलं. तिनं ते मनावरच घेतलं. एकही मूल भिंतीखाली निजता कामा नये, बस्स.

आणि पहिल्याच दिवशी घोटाळा केला तो तिनंच. सोमीआजी पाड्यातली सगळ्यांत थोरली. तिनं तंबूत आधी भाताची मोठी टोपली मधोमध ठेवली आणि नातवंडं कडेला बसवली. शैला तडकली. तंबू माणसांसाठी आहे, गोदाम नाही, हे वरून आलेलं वाक्य तिनं जसंच्या तसं सुनावलं आणि टोपली घरात परत पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तंबूत कुत्री निजलेली आणि अख्खा पाडा आपापल्या घरात.

"आजी, भिंत पडली तर?" शैलानं विचारलं.

"पडंल तं पडंल. कणसरीला एकली टाकून मी नाय निघायची."

कणसरी म्हणजे धान्याची देवी, वारल्यांच्या घरात ती भातातच असते. नवं भात नुकतंच घरात आलेलं. तिला पडत्या घरात सोडून आपण पळायचं, हे कुणाला पटणार? शैला तर दरसाल त्यांच्याकडे कणसरीच्या पूजेला जेवायची, तरी त्या दिवशी तिला सुचलं नाही. दुपारी ते तिच्या ध्यानात आलं. मग उठली, पदर खोचला, आजीच्या घरात शिरली आणि भाताची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेऊन तंबूकडे निघाली. मागोमाग आजी, आजीमागं नातवंडं, मग बाकीची घरं.

तपासणीला आलेले साहेब टोपल्या बघून वैतागले. शैला म्हणाली, "साहेब, ही घरातली थोरली. ती बाहेर आली म्हणून पोरं बाहेर आलीत. हिला आत पाठवलंत तर पोरंही जातील. बोला." पुढच्या खेपेला साहेबांकडून भातावर घालायला ताडपत्री आली.

काही आठवड्यांनी पहाटे मोठा हादरा बसला. सोमीआजीची मागची भिंत आत कोसळली, नेमकी नातवंडं निजायची तिथं. पोरं तंबूत होती. शैला पहिल्या रिक्षानं धापा टाकत आली, तो ढिगारा बघून ढसाढसा रडली. मी तिला तेवढं एकदाच रडताना पाहिलं.

परवा अंगणवाडीत गेले. नवी सेविका हादऱ्याचा सराव घेत होती. पोरांनी आधी डोकी झाकली. "हादरा थांबला," असं ती म्हणताच सोमीआजीच्या नातीनं कोपऱ्यातलं सूप उचललं. त्यात मूठभर भात. ती पुढं, बाकीची मागं, एका रांगेत. ढकलाढकली नाही, कारण कणसरीच्या पुढं कुणी जात नाही.

"शैलाताईंनीच लावलीय ही सवय," सेविका ओशाळून म्हणाली. "सूप नसलं तर पोरं हलत नाहीत. नियमात काही हे नाही... काढून टाकू का?"

"हात तर लावून बघ," मी म्हणाले, आणि पोरांच्या मागं, रांगेतच, बाहेर आले.