उतू गेलेल्या दुधाचा डाग

यशवंतपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात आधी करपलं ते दूध, आणि तेही मुद्दाम. वास्तुशांतीला आई निपाणीहून आली होती. रीतीप्रमाणे तिनं नव्या शेगडीवर दूध उतू जाऊ दिलं, पूर्वेच्या बाजूनं सांडलं म्हणून हात जोडले. मी मात्र कोऱ्या स्टीलवर पसरणारा तो ओघळ बघत होते. फडकं घेऊन धावले, तर तिनं मनगट धरलं. "आज पुसायचं नाही गं. उद्या मी पुसतो की, लख्ख," ती निपाणीकडच्या बायकांच्या बोलीत म्हणाली.

"नवी शेगडी घाण करायलाच आलीस का?" पाहुण्यांसमोर मी म्हणाले. माझी जीभच तशी. ती हसली, पण दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत पहिल्या गाडीनं निघून गेली. पुन्हा यायचं राहिलं ते राहिलंच. त्याच वर्षी ती वारली.

बर्नरच्या कडेला बोटभर तपकिरी डाग राहिला. मी रोज शेगडी पुसायचे, तेवढा सोडून. नवरा चिडवायचा, "एवढी टापटीप, आणि हा काय नवस बोललीयस?" आईची फार आठवण आली की त्यावरून बोट फिरवायचे.

गेल्या महिन्यात ऑफिसमधून आले, तर स्वयंपाकाच्या अक्का दारातच हसत उभ्या. डागावर खायचा सोडा पसरून, लिंबू पिळून त्यांनी अर्धा तास ठेवलं होतं, मग सालीनंच घासलं होतं. पितळी बर्नरही चिंचेच्या पाण्यात घालून उजळले होते. शेगडी कोरी दिसत होती.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी ओरडले.

त्यांचा चेहरा उतरला. वास्तुशांतीला, हसण्याआधी क्षणभर आईचाही असाच उतरला होता. तेव्हा मी बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

या वेळी मात्र मी अक्कांचा हात धरला आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सगळं सांगितलं: आई, दूध, माझी जीभ. सांगता सांगता रडले. त्यांनी फ्रिजमधलं दूध पातेल्यात ओतून शेगडीवर ठेवलं आणि गॅस मोठा केला.

दूध वर आलं. सवयीनं माझा हात बटणाकडे गेला, तो मी मागे घेतला. दूध सांडलं, चरचरलं. आता सवयीनं अक्कांचा हात फडक्याकडे गेला.

"आज पुसायचं नाही," माझ्या तोंडून मराठीच निघालं. "उद्या मी पुसतो की, लख्ख."